माइनक्राफ्टमधील गावकरी-व्यापार

माइनक्राफ्ट या सँडबॉक्स प्रकारच्या, म्हणजे ठरावीक ध्येयाविना मोकळेपणी खेळायच्या व्हिडिओ गेममध्ये संगणकाच्या ताब्यातील गावकऱ्यांशी वस्तूंची देवघेव करण्याची जी सोय आहे, तिला गावकरी-व्यापार म्हणतात. चलन एमरल्डचे, म्हणजे पाचूचे. खेळाडू गहू, कागद, कोळसा असा माल देऊन एमरल्ड मिळवतो आणि ते खर्चून पाव, हत्यारे, चिलखते, नकाशे किंवा जादूची पुस्तके घेतो. ही सोय जावा आवृत्तीत, म्हणजे संगणकावरच्या मूळ खेळात, २०१२ साली आली. तेव्हापासून तिचे नियम अनेकदा बदलले आणि त्यांतले काही बदल मुळापर्यंत गेले. या सगळ्या बदलांच्या तळाशी एकच प्रश्न दिसतो : समोरचा गावकरी काय विकणार, हे कोणी ठरवायचे? सुरुवातीला ते नशीब ठरवत असे. पुढे गावकऱ्याचा व्यवसाय ठरवू लागला, त्यानंतर खेळाडूने त्याच्यापुढे मांडलेले सामान. अलीकडच्या प्रयोगांत हा अधिकार गाव ज्या भूमीवर वसले आहे तिच्याकडे गेला आहे.

खेडी व्यापारापेक्षा जुनी आहेत. सप्टेंबर २०११ मधील बीटा १.८ या चाचणीच्या आवृत्तीत ती आली तेव्हा ओस होती. घरे होती, शेते होती, माणूस एकही नव्हता. गावकरी त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये, खेळाच्या पहिल्या पूर्ण आवृत्तीत आले. ते नुसते इकडून तिकडे फिरत. मार्च २०१२ मधील १.२ मध्ये त्यांना मुले होऊ लागली आणि गावाच्या रक्षणाला लोखंडी गोलेम उभे राहिले. लोकसंख्या किती वाढणार, हे गावातल्या दारांच्या संख्येवरून ठरत असे. त्यामुळे वस्ती वाढवण्यासाठी खेळाडू घरे न बांधता भिंतीच्या तुकड्यांत दारांच्या रांगाच्या रांगा बसवत. पुढे व्यापार आल्यावर या दारांचे महत्त्व आणखी वाढले.

नशिबाचा काळ

१ ऑगस्ट २०१२ रोजी आलेल्या १.३.१ या आवृत्तीत व्यापार सुरू झाला. एमरल्डही तेव्हाच आले. आधी चलन म्हणून माणकाचा विचार होता. पण माणकाचे खनिज रेडस्टोनच्या खनिजासारखेच लाल दिसे आणि विकसकांपैकी एकाला रंगांधत्वामुळे दोन्ही वेगळी ओळखणे कठीण जाई, म्हणून हिरवा एमरल्ड ठरला. हा निर्णय व्यापाराच्या दृष्टीनेही चांगला झाला. एमरल्डचे खनिज फक्त डोंगराळ प्रदेशात आणि तेही विरळ सापडते. खाणीत उतरून चलन गोळा करणे हा कष्टाचा मार्ग राहिला आणि माल विकून ते मिळवणे हा सोपा.

त्या वेळी शेतकरी, ग्रंथपाल, पुरोहित, लोहार आणि खाटीक असे पाच व्यवसाय होते. अंगरख्याच्या किंवा एप्रनच्या रंगावरून ते ओळखता येत. प्रत्येक गावकरी आरंभी एकच सौदा देई. यादीतला शेवटचा सौदा केला, खिडकी बंद केली आणि थोडा वेळ थांबले, की नवा सौदा उघडे. तो कोणता असेल, हे सांगता येत नसे. एखादा लोहार पहिल्याच दमात हिऱ्याचे हत्यार विकायला काढी, तर दुसरा कोळसा घेण्याच्या पुढे जातच नसे. प्रत्येक सौदा ठराविक वेळाच करता येई. मग तो बंद पडे आणि दुसरे काहीतरी विकत घेतल्याशिवाय उघडत नसे. यामुळे नको असलेली वस्तू केवळ गाडे पुढे सरकावे म्हणून घ्यावी लागे. या पद्धतीत गंमत होती. प्रत्येक गावकरी खरोखर वेगळा होता आणि चांगला गावकरी सापडला की त्याला जपावेसे वाटे. मात्र आखणी करून खेळणाऱ्याच्या हाती फारसे काही नव्हते.

त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये १.४ ने झोम्बी झालेले गावकरी आणले. त्यांच्यावर दुर्बलतेचे औषध फेकायचे, सोन्याचे सफरचंद खाऊ घालायचे आणि थोडे थांबायचे, की ते पुन्हा माणसात येत. गावापासून दूर राहणाऱ्या खेळाडूला स्वतःची वस्ती उभारण्याचा हा पहिला खात्रीचा मार्ग होता. या उपचाराचा व्यापाराशी सात वर्षांनी जो संबंध जुळला, त्याची तेव्हा काही खूण नव्हती.

व्यवसायांची घडी

२ सप्टेंबर २०१४ रोजीच्या १.८ ने पहिली मोठी दुरुस्ती केली. जुन्या पाच व्यवसायांच्या पोटात उपव्यवसाय आले. तपकिरी अंगरख्यात आता शेतकरी, कोळी, मेंढपाळ किंवा बाण बनवणारा कारागीर असू शके. लोहाराचे चिलखत, हत्यारे आणि अवजारे असे तीन कारागीर झाले. खाटकाच्या जोडीला चामड्याचा कारागीर आला. मुख्य म्हणजे सौद्यांना पायऱ्या मिळाल्या. शेतकरी प्रथम गहू, बटाटे किंवा गाजरे घेणार, मग भोपळे, नंतर कलिंगडे आणि शेवटी बिस्किटे व केक विकणार, हा क्रम ठरून गेला. भावात थोडा चढउतार राहिला, उदाहरणार्थ एका एमरल्डला १८ ते २२ गहू, पण क्रम पक्का. एखादा सौदा पहिल्यांदा केला की सगळा माल हमखास भरला जाई. पुढच्या प्रत्येक वेळी मात्र त्याची शक्यता पाचात एकच असे. व्यापारातून अनुभवाचे गुण मिळू लागले. शेतकरी स्वतः पिके काढून इतरांना वाटू लागले आणि मुले होण्यासाठी गावकऱ्यांना पोटभर अन्न मिळणे आवश्यक झाले.

घडी नीट बसली, पण एक गोष्ट अजून खेळाडूच्या हाताबाहेर होती. गावकऱ्याचा व्यवसाय जन्माने ठरे आणि तो बदलता येत नसे. २०१६ च्या आरंभी १.९ आवृत्तीने मेंडिंग हे मंत्रबंधन, म्हणजे हत्याराला किंवा चिलखताला जडवायची जादूची शक्ती, आणले, तेव्हा ही अडचण तीव्र झाली. मेंडिंग असलेले हत्यार मिळवलेल्या अनुभवातून आपोआप दुरुस्त होते, म्हणजे जवळजवळ कायमचे टिकते. हे मंत्रबंधन मंत्रमेजावर, म्हणजे वस्तूंवर जादू जडवण्याच्या मेजावर, मिळत नाही. पेटाऱ्यांत आणि मासेमारीत ते क्वचित लागते, ग्रंथपालाकडे मात्र विकत मिळू शकते. म्हणून खेळाडू दारांच्या रांगा लावून, शेतकऱ्यांना गाजरे पुरवून गावकऱ्यांची पैदास करत राहिले. शेकड्यांनी जन्मलेल्यांतून मेंडिंग विकणारा एक ग्रंथपाल निवडायचा आणि बाकीच्यांची वासलात लावायची, हा बहुतेक सर्व्हरांवर, म्हणजे अनेकांनी मिळून खेळायच्या जगांत, रिवाज झाला. खेळातला हा क्रूर भाग कोणी मुद्दाम रचलेला नव्हता. व्यवसाय जन्मजात आणि सौदे यादृच्छिक, एवढ्या दोन नियमांतून तो आपसूक उगवला.

दरम्यान नोव्हेंबर २०१६ च्या १.११ मध्ये नकाशाकार आला. तो सागरी स्मारकाचा आणि जंगलातल्या हवेलीचा नकाशा विकू लागला. हिरव्या अंगरख्याचा, काहीही न विकणारा नितविट याच वेळी खेळात नियमित दिसू लागला. मोबाइलच्या पॉकेट आवृत्तीत गावकरी २०१४ पासून होते, पण तिथे व्यापार सुरू व्हायला २०१७ उजाडले.

कामाच्या जागा आणि मागणीचा भाव

२३ एप्रिल २०१९ रोजी जावाची १.१४ आणि बेडरॉकची (मोबाइल, कन्सोल वगैरेंवरच्या खेळाची, जिचे क्रमांक वेगळे चालतात) १.११ या आवृत्त्या एकाच दिवशी आल्या. व्हिलेज अँड पिलेज नावाच्या या अद्यतनाइतका मोठा बदल गावकरी-व्यापारात त्याआधी झाला नव्हता आणि त्यानंतरही झालेला नाही. दारांचे राज्य संपले. प्रत्येक गावकऱ्याला बिछाना लागू लागला. बेकार गावकऱ्यासमोर लेक्टर्न (पुस्तक ठेवायचा स्टँड) ठेवला तर तो ग्रंथपाल होतो, कंपोस्टर (खताचे पिंप) ठेवला तर शेतकरी, ब्रूइंग स्टँड (औषधे बनवायचे साधन) ठेवला तर पुरोहित, लूम (माग) ठेवला तर मेंढपाळ, स्टोनकटर (दगड कापायचे यंत्र) ठेवला तर गवंडी. गवंडी हा व्यवसाय नवाच होता. अशा १३ व्यवसायांना १३ कामाच्या जागा मिळाल्या. नवशिक्यापासून उस्तादापर्यंत पाच दर्जे आले आणि छातीवरचा बिल्ला दगड, लोखंड, सोने, एमरल्ड, हिरा या क्रमाने बदलू लागला. वाळवंटापासून दलदलीपर्यंत सात प्रदेशांचे सात पेहराव आले. त्या वेळी हा केवळ वेशभूषेचा भाग होता.

माल भरण्याची पद्धत या अद्यतनात सर्वांत चांगली सुधारली. गावकरी दिवसातून दोनदा आपल्या कामाच्या जागी जाऊन माल भरतो. म्हणजे त्याला तिथपर्यंत पोहोचता आले पाहिजे. नको ती वस्तू घेण्याची सक्ती गेली आणि गावकऱ्याच्या दिवसाला अर्थ आला : सकाळी काम, दुपारी घंटेपाशी गप्पा, रात्री झोप.

भावही हलू लागला. जावा आवृत्तीत माल भरताना प्रत्येक सौदा किती वेळा झाला आणि किती वेळा व्हायचा राहिला, याचा हिशेब होतो. निम्म्याहून जास्त वापर झाला तर मागणी वाढते आणि भाव चढतो. कमी झाला तर मागणी उतरते. आठवडी बाजारात सगळ्यांनी एकाच गाडीवर गर्दी केली तर जे होते, तेच इथे होते. एकाच शेतकऱ्याला रोज पोतीभर गहू विकणाऱ्याला काही दिवसांत तितक्याच एमरल्डसाठी दुप्पट गहू मोजावा लागतो. दोन-तीन शेतकऱ्यांत माल वाटून विकणारा फायद्यात राहतो.

दुसरी गोष्ट म्हणजे गावातली बोलवा. गावकरी खेळाडूविषयी मत बाळगतात आणि भेटल्यावर ते एकमेकांना सांगतात. व्यापार केला की मत थोडे सुधारते, मारहाण केली की बिघडते, खून केला तर पाहणाऱ्यांच्या मनात ते खोल रुतते. जावा आवृत्तीत पत फार खालावली तर गोलेमही अंगावर येतो. पिलेजर या लुटारूंचा हल्ला परतवून लावणाऱ्याला गावाचा नायक हा मान मिळतो आणि त्याच्या पहिल्या पायरीवरच भावात ३० टक्के सूट मिळते. सर्वांत मोठी, न पुसली जाणारी सूट झोम्बी झालेल्या गावकऱ्याला बरे केल्याबद्दल ठेवली गेली. ज्याला बरे केले तो ती विसरत नाही. शेजाऱ्यांनाही ही बातमी कळते, पण त्यांची कृतज्ञता काळानुसार ओसरते.

ही कल्पना सुंदर होती. मात्र कृतज्ञता वारंवार साठवता येते, हे खेळाडूंच्या लगेच लक्षात आले. त्याच गावकऱ्याला मुद्दाम झोम्बीच्या तोंडी द्यायचे आणि पुन्हा बरे करायचे. कठीण पातळीवर गावकरी मरत नाही, हमखास झोम्बीच होतो, त्यामुळे धोका काहीच नाही. असे काही वेळा केले की बाण कारागिराला एका एमरल्डसाठी द्याव्या लागणाऱ्या ३२ काठ्यांची एक काठी होई आणि मेंडिंगचे पुस्तक एका एमरल्डला मिळे. त्याचा मूळ भाव १० ते ३८ एमरल्ड आणि एक कोरे पुस्तक असा आहे.

लेक्टर्नचेही तसेच झाले. ज्याच्याशी एकदाही व्यवहार झालेला नाही, त्या गावकऱ्याचा लेक्टर्न फोडला की तो पुन्हा बेकार होतो आणि परत ठेवला की नवे सौदे घेऊन येतो. मेंडिंग दिसेपर्यंत फोडत आणि ठेवत राहायचे. पैदास आणि कत्तल संपली, ही मोठीच सुटका होती. पण एक गाव, थोडी लाकडे आणि चिकाटी एवढ्यावर खेळातली उत्तमोत्तम साधने पहिल्या काही तासांत हाती येऊ लागली. गावकरी एकेका खणात कोंडलेले, समोर लेक्टर्न आणि वर फलक, असे ट्रेडिंग हॉल जवळजवळ प्रत्येक सर्व्हरवर उभे राहिले. ज्या अद्यतनाने गावकऱ्यांना घर, काम आणि झोप दिली, त्याच्याच नियमांनी त्यांना खणांत कोंडणे सर्वाधिक फायद्याचे ठरवले. हा त्या रचनेतला खरा दोष होता, आणि पुढचे बदल त्याच्याभोवती फिरत आहेत.

भूमीकडे वळण

ऑगस्ट २०२३ मध्ये खेळ बनवणाऱ्या मोजांग कंपनीने व्यापाराचा नवा तोल मांडणारा प्रयोग चाचणी-आवृत्तीत आणला. सप्टेंबरमधील १.२०.२ मध्ये तो ऐच्छिक राहिला. झोम्बी-उपचाराची मोठी सूट मात्र त्या आवृत्तीत सर्वांसाठीच एकदाच्या उपचारापुरती मर्यादित झाली. आता दुसऱ्यांदा बरे करून भाव आणखी खाली येत नाही. हा बदल रास्तच म्हणायला हवा. एकदा वाचवल्याची कृतज्ञता त्यात शाबूत राहिली आणि छळाचा फायदा गेला.

प्रयोगातला मुख्य विचार असा, की २०१९ मध्ये केवळ वेशभूषेपुरते असलेले सात प्रदेश आता व्यापारालाही लागू करावेत. प्रत्येक प्रदेशाचा ग्रंथपाल आपापलीच मंत्रबंधने विकतो आणि उस्ताद झाल्यावर एक खास पुस्तक काढतो. बर्फाळ गावात सिल्क टच, तैगात (थंड सूचीपर्णी अरण्यात) फॉर्च्यून, मैदानात प्रोटेक्शन, दलदलीत मेंडिंग. लेक्टर्न कितीही फोडला तरी मैदानातला ग्रंथपाल मेंडिंग काढत नाही. शिवाय दलदलीत आणि जंगलात गावे मुळात वसतच नाहीत. गावकरी नावेत बसवून तिथे न्यावे लागतात. तिथे जन्मलेल्या मुलावर त्या भूमीचा पेहराव येण्याची शक्यता असते, पण ते आईबापांवरही जाऊ शकते. चिलखत-कारागिराचे सौदेही प्रदेशानुसार वेगळे झाले आणि हिऱ्याच्या चिलखतासाठी त्याला एमरल्डसोबत हिरेही द्यावे लागू लागले. मेंडिंगसाठी प्राचीन नगरांच्या पेटाऱ्यांत शोध घेण्यालाही या प्रयोगात अधिक वजन मिळाले.

खेळाडूंत यावरून मोठा वाद पेटला आणि त्यात दोन्ही बाजूंचे म्हणणे खरे होते. मोठ्या सर्व्हरवर, जिथे रस्ते आणि आगगाड्यांचे रूळ आहेत, तिथे प्रदेशांमधला व्यापार खेळाला नवे कारण देतो. एकट्याने, आठवड्यातून दोन तास खेळणाऱ्याला मात्र दोन गावकरी दलदलीपर्यंत वल्हवत नेणे हा मोठाच खर्च आहे. प्रदेशाला अर्थ देण्याचा उद्देश योग्य आहे. पण एका मेंडिंगवर सगळ्या खेळाचा भार पडावा, हे दुखणे ग्रंथपालाच्या यादीत फेरफार करून पुरते बरे होत नाही. हत्यारे झिजतात आणि दुरुस्तीचा साधा मार्ग महाग आहे, तिथे त्याचे मूळ आहे.

प्रयोगातले सगळे भाग एकाच वेगाने पुढे सरकले नाहीत. मार्च २०२५ मधील १.२१.५ मध्ये भटक्या व्यापाऱ्याचे आणि नकाशाकाराचे बदल मुख्य खेळात आले. २०१९ मध्ये दोन लामा घेऊन आलेला हा भटक्या तोपर्यंत फक्त विकत असे आणि त्याचे भाव पाहून बहुतेक जण पाठ फिरवत. आता तो पाण्याची बाटली, दुधाची बादली, भाजलेला बटाटा, गवताची गासडी असा साधा माल विकतही घेतो आणि त्याच्याकडून लाकूड घेता येते. नकाशाकार आपल्या प्रदेशानुसार इतर प्रदेशांतल्या गावांचे, जंगलातल्या मंदिराचे किंवा दलदलीतल्या झोपडीचे नकाशे देतो. ग्रंथपाल आणि चिलखत-कारागीर यांचे नवे नियम त्या आवृत्तीतही प्रयोगातच राहिले. नवे जग तयार करताना खेळाडूने ते स्वतः निवडले तरच लागू होतात.