मोठे टायर लावले की गाडी जास्त ओढते?

लहान इंजिनाच्या ऑफरोड गाडीला मोठे टायर घातले की ती जास्त ओढते, हा समज काही केल्या जात नाही. होतं उलटंच. २७ इंच व्यासाच्या जागी ३० इंची टायर आले की चाकाच्या एका फेरीत गाडी ११ टक्के जास्त अंतर कापते आणि ओढ साधारण १० टक्के घटते. मग चढावर पहिल्या गिअरमध्येही अर्धा क्लच धरून ठेवावा लागतो; जळका वास आला की ओळखा, क्लच जळतोय. गाडीची उंचीसुद्धा ३ नव्हे, दीडच इंच वाढते, कारण टायरचा निम्माच व्यास अ‍ॅक्सलच्या खाली असतो. (स्पीडोमीटर ४० दाखवतो तेव्हा खरा वेग ४४, ते वेगळंच.) दगडांवरून मोठं चाक सहज चढतं, हे मात्र खरं. तेव्हा हौस असेल तर क्राउन-पिनियनही (अ‍ॅक्सलमधली, चाकांना जोर पोचवणारी दातेरी चाकांची जोडी) बदला: ४.१० गुणोत्तराच्या जागी ४.५६ चं बसवलं की गेलेली ओढ परत मिळते.