इंकस्केपमधील आकृती मनासारख्या करून घेताना : ग्राहकांसाठी माहितीपत्रक

नावाच्या पाट्या, व्हिजिटिंग कार्डे आणि रेडियम कटिंग यांची कामे आमच्याकडे देणाऱ्या ग्राहकांना आम्ही तयार रचनेची एसव्हीजी फाइलही (आकृती रेषा व आकारांच्या रूपात साठवणारी फाइल) देतो, म्हणजे पुढे पाटीचे माप बदलले किंवा किनार वेगळी हवीशी वाटली, तर तेवढा फेरफार त्यांना स्वतःच करता येतो. त्यासाठी लागणारे इंकस्केप हे सॉफ्टवेअर विनामूल्य असून ते विंडोज, मॅक आणि लिनक्स या तिन्हींवर चालते. फेरफार करून परत आलेल्या फायली तपासताना मात्र आम्हांला एकच चूक वारंवार आढळते, ती म्हणजे आकृतीचे ‘पाथ’मध्ये, म्हणजे बिंदूंना जोडणाऱ्या साध्या रेषेत, रूपांतर गरजेपूर्वीच केलेले असते.

आयत, वर्तुळ, तारा आणि सर्पिल यांसाठी इंकस्केपमध्ये स्वतंत्र साधने आहेत. या साधनांनी काढलेली आकृती आपली घडण जपून ठेवते : आयताची रुंदी, उंची व कोपऱ्यांची गोलाई, तसेच ताऱ्याच्या टोकांची संख्या हे सारे आकड्यांच्या रूपात राहते आणि केव्हाही बदलता येते. ‘ऑब्जेक्ट टू पाथ’ ही आज्ञा दिली की हे आकडे जातात आणि बिंदूंना जोडणारी नुसती रेषा उरते. पाच टोकांच्या ताऱ्याची सहा टोके करण्यासाठी एरवी एक आकडा बदलणे पुरेसे असते. पाथ झाल्यावर तोच तारा नव्याने काढावा लागतो.

आयताचे साधन निवडून आयतावर क्लिक केल्यास त्याच्या दोन कोपऱ्यांवर चौकोनी हँडले (ओढण्याचे छोटे ठिपके) दिसतात, ती माप बदलण्यासाठी असतात; वरच्या उजव्या कोपऱ्यातील गोल हँडल ओढले की चारही कोपरे सारखेच गोल होतात. माप बदलण्यासाठी शक्यतो हीच चौकोनी हँडले किंवा वरच्या पट्टीतील रुंदी-उंचीचे रकाने वापरावेत, कारण त्यामुळे गोलाई कायम राहते. निवडीच्या बाणाने आयत ओढल्यास काय होईल हे वरच्या पट्टीतील लहान बटणांवर अवलंबून असते आणि पाटीच्या कामात याकडे विशेष लक्ष द्यावे, अशी आमची विनंती आहे. ३० सेंटीमीटर रुंदीची पाटी त्याच प्रमाणात १२० सेंटीमीटर केली आणि ही बटणे चालू असली, तर १ मिलिमीटरची किनार ४ मिलिमीटर होते आणि ५ मिलिमीटरची गोलाई २० मिलिमीटरवर जाते. कधी हे हवेच असते. नको असल्यास स्ट्रोकची (किनारीच्या रेषेची) जाडी व कोपरे यांची बटणे आधी बंद करावीत.

ताऱ्याच्या साधनात टोकांची संख्या, आतल्या व बाहेरच्या त्रिज्यांचे गुणोत्तर आणि गोलाई असे रकाने असतात. पाच टोकांसाठी गुणोत्तर ०.३८२ ठेवल्यास रेघोट्यांनी काढतो तसा नेमका पंचकोनी तारा मिळतो. टोके आठ करून थोडी गोलाई दिली की त्याच ताऱ्याचे फूल होते, जे पाटीच्या कोपऱ्यांत फार शोभून दिसते. वर्तुळाचे हँडल वर्तुळाच्या आतल्या बाजूने फिरवल्यास कंस आणि बाहेरच्या बाजूने फिरवल्यास पाचर तयार होते. चंद्रकोर हवी असल्यास एका वर्तुळावर दुसरे थोडे सरकवून ठेवावे, दोन्ही निवडावीत आणि पाथ मेनूतील ‘डिफरन्स’ ही आज्ञा द्यावी. वरचे वर्तुळ खालच्यातून वजा होते. या आज्ञेने मूळ वर्तुळे उरत नाहीत, म्हणून कंट्रोल आणि डी या कळांनी त्यांच्या प्रती आधी काढून बाजूला ठेवाव्यात.

रेडियम कटिंगच्या कामात पाथ करणे अपरिहार्य असते. कटिंग यंत्राचे पाते रेषेच्या मधोमध चालते, तिच्या जाडीची दखल घेत नाही. त्यामुळे ३ मिलिमीटर जाड दिसणारी किनार प्रत्यक्षात एका चिरेइतकीच कापली जाते. किनारीची पट्टी हवी असल्यास ‘स्ट्रोक टू पाथ’ वापरून तिच्या दोन्ही कडा वेगळ्या कराव्या लागतात. देवनागरी अक्षरांचाही पाथ करून पाठवावा, कारण आमच्या संगणकावर आपला फॉन्ट नसल्यास जोडाक्षरे बिघडू शकतात. मात्र त्यानंतर शुद्धलेखनाची दुरुस्ती करता येत नाही, म्हणून नावे दोनदा वाचून मगच हे करावे.

फाइल जतन करताना ‘इंकस्केप एसव्हीजी’ हाच प्रकार निवडावा. ‘प्लेन एसव्हीजी’ निवडल्यास आयत आणि पूर्ण वर्तुळ शाबूत राहतात, पण तारा व सर्पिल यांचे आकडे गळून पडतात आणि फाइल पुन्हा उघडल्यावर त्या आकृती साध्या पाथच असतात. आमच्याकडे पाठवताना दोन फायली पाठवाव्यात : एक आकृती जशाच्या तशा ठेवलेली आणि दुसरी, तिचीच प्रत घेऊन पाथ केलेली. छपाई किंवा कटिंग दुसरीवरून होईल आणि पुढच्या वेळी बदल करायचा झाल्यास पहिली उपयोगी पडेल.