नावे बदलत राहिलेला संघ: अ‍ॅक्सेल मर्क्स यांच्या सायकलशाळेची पार्श्वभूमी

व्यावसायिक रस्ता-सायकलिंगमध्ये २३ वर्षांखालील खेळाडू घडवणाऱ्या संघांचा विचार करताना अ‍ॅक्सेल मर्क्स यांचा अमेरिकी संघ टाळता येत नाही. बेल्जियमचे दिग्गज सायकलपटू एडी मर्क्स यांचे चिरंजीव असलेल्या अ‍ॅक्सेल यांनी २००४ च्या अथेन्स ऑलिंपिकमध्ये बेल्जियमसाठी कांस्यपदक मिळवले होते. निवृत्तीनंतर २००९ मध्ये, लान्स आर्मस्ट्राँगच्या पुढाकाराने उभ्या राहिलेल्या ट्रेक-लिव्हस्ट्राँग संघाची सूत्रे त्यांच्याकडे आली. संघाच्या टेलर फिनी याने लागोपाठ दोन वर्षे पॅरिस-रूबे या फ्रान्समधील शर्यतीची युवा गटाची आवृत्ती जिंकली आणि संघाचा दबदबा निर्माण झाला.

ऑक्टोबर २०१२ मध्ये आर्मस्ट्राँगचे उत्तेजक सेवन अहवालानिशी उघड झाले, तेव्हा लिव्हस्ट्राँग हे त्याच्याच कर्करोगविषयक संस्थेचे नाव ठेवणे अशक्य होते. २०१३ मध्ये केवळ सायकलचे भाग बनवणारी बाँट्रेगर, २०१४ मध्ये बिसेल ही प्रायोजक कंपनी, मग अ‍ॅक्सियॉन आणि २०१६ पासून हागेन्स बर्मन या सिअ‍ॅटलच्या वकिली संस्थेची साथ, अशी नावे बदलत गेली. मर्क्स मात्र तेच राहिले.

ही अस्थिरता केवळ एका घोटाळ्यामुळे आली असे म्हणता येणार नाही. करार संपलेला सायकलपटू मोठ्या संघात गेला, तर त्याला घडवणाऱ्या संघाला साधारणपणे काहीच मोबदला मिळत नाही. म्हणजे संघ जितका यशस्वी, तितके त्याचे उत्तम खेळाडू लवकर जाणार, आणि खर्च भागवायला पुन्हा प्रायोजकच शोधावा लागणार. २०२० च्या जिरो द इटालिया या इटलीतील तीन आठवड्यांच्या शर्यतीत याचे फलित दिसले: जुआव आल्मेइदा १५ दिवस आघाडीवीराच्या गुलाबी जर्सीत होता आणि अखेर विजेता ठरला टाओ गेगन हार्ट. दोघेही मर्क्स यांच्याच तालमीतले, पण तेव्हा जर्सीवर नावे दुसऱ्या संघांची होती.

२०१७ मध्ये टूर ऑफ कॅलिफोर्निया सर्वोच्च श्रेणीत गेली आणि तिसऱ्या श्रेणीच्या या संघाला घरच्याच शर्यतीचे दार बंद झाले. त्यासाठी २०१८ आणि २०१९ हे दोन हंगाम संघाने वरची, अर्थातच अधिक खर्चिक, श्रेणी स्वीकारली. ती शर्यत थांबल्यावर २०२० मध्ये तो पुन्हा खाली आला. दरम्यान मोठ्या संघांनी स्वतःचेच युवा संघ काढले, होतकरू मुले थेट तिकडे जाऊ लागली आणि २०२४ च्या हंगामासाठी मर्क्स यांनीही ऑस्ट्रेलियाच्या जायको-अल उला संघाशी हातमिळवणी करून हागेन्स बर्मन-जायको हे नाव घेतले.