जुन्नरचा कातळ वाचताना

जुन्नरला येणारे बहुतेक जण शिवनेरी चढतात, लेण्याद्रीला गिरिजात्मजाचं दर्शन घेतात आणि परतीला लागतात. माझा आग्रह असा, की पायऱ्या चढण्याआधी क्षणभर थांबून समोरचा कडा नीट बघावा. त्यावर आडवे पट्टे दिसतात. सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी इथे जमिनीला लांबच लांब भेगा पडून लाव्हा उसळत होता. तो पातळ असल्याने दूरवर पसरे, थिजे, आणि त्यावर पुढचा थर येई. दोन उद्रेकांमध्ये बराच काळ गेला, की वरचा पृष्ठभाग कुजून लाल होई. कड्यात मध्येच दिसणारी तांबडी रेघ बहुधा तीच.

सगळे थर सारखे नसतात. विहिरी खणणारे त्यांना नावानिशी ओळखतात. पाषाण म्हणजे काळा, घट्ट, पण चिरा पडलेला. मांजऱ्या म्हणजे वायूच्या बुडबुड्यांच्या पोकळ्या पांढऱ्या खनिजांनी भरलेला. पाषाणाहून मऊ, पण चिरा कमी. लेणं कोरायचं तर कठीणपणापेक्षा या चिरांची काळजी जास्त. चिरा कमी असतील, तर मोठं छत खांबांशिवायही तगतं. लेण्याद्रीचं सातवं लेणं, म्हणजे खुद्द गणपतीचं देऊळ, असं आहे: सुमारे पन्नास फूट लांब-रुंद दालन आणि आधाराला एकही खांब नाही! मुळात हा बौद्ध भिक्षूंचा विहार. भिंतींत कोरलेल्या त्यांच्या खोल्या आजही दिसतात. दगडाची पारख असल्याशिवाय असं छत कोरायला कोण धजेल?

शिवनेरीच्या पोटातही लेणी आहेत. तिथला टणक थर उभा तुटतो, ठिसूळ थर झिजून उतार होतो. म्हणून बऱ्याच बाजूंना तटाचं काम कड्यानेच केलं आहे.

जुन्नर तालुक्यातच, कुकडीकाठच्या बोरी गावाला मात्र वेगळाच ज्वालामुखी भेटतो. तिथे नदीच्या गाळात राखेचा थर आहे. ही राख सह्याद्रीची नाही. तीन हजार किलोमीटरहून दूर, सुमात्रातल्या टोबा ज्वालामुखीची. ती ७५ हजार वर्षांपूर्वीच्या महास्फोटातली, की टोबाच्याच सुमारे आठ लाख वर्षांपूर्वीच्या उद्रेकातली, यावर संशोधकांत मतभेद आहेत. याच गाळात आदिमानवाची दगडी हत्यारं सापडली आहेत. त्यामुळे राखेचं वय ठरलं, की या खोऱ्यात माणूस कधीपासून वावरतोय याचाही अंदाज बांधता येईल.