जांभळ्याचा पिवळा करून पाणथळ वाचते का? कोल्हापुरातील झोन बदलाची पार्श्वभूमी

वरुणतीर्थ बुजून गांधी मैदान झाले, कपिलतीर्थावर मंडई आली. शाहू मिलशेजारचे कोटीतीर्थ टिकले. तळी बुजवायला तेव्हा कायद्याची आडकाठी नव्हती. पुढे उद्यमनगर अपुरे पडले, शिरोली, गोकुळ शिरगाव, कागलपर्यंत कारखाने गेले. मागोमाग शहरही पसरले. जमिनीचे दर चढले तशी 'इंडस्ट्रियल उठवा, यलो करा', म्हणजे विकास आराखड्यातला जांभळा औद्योगिक पट्टा पिवळा निवासी करा, ही मागणी वाढली आणि अलीकडे तिला पाणथळ संरक्षणाचे कारण जोडले जाऊ लागले.

गुंता इथेच आहे. २०१० च्या पाणथळ नियमांत सखल प्रदेशातल्या साध्या जागेला किमान ५०० हेक्टरांची अट होती, म्हणजे आपल्याकडची तळी बाहेरच. सप्टेंबर २०१७ च्या नियमांनी ती अट काढली, पण नदीचे पात्र, भातखाचरे आणि पिण्याच्या पाण्यासाठी किंवा सिंचनासाठी मुद्दाम बांधलेले तलाव वगळले. कळंबा तलाव संस्थानकाळात शहराच्या पाणीपुरवठ्यासाठीच बांधलेला. काठाला पाणपक्षी कितीही उतरोत, या व्याख्येत तो बसवणे अवघड. पंचगंगेचे पात्रही वगळलेले, पण पात्र म्हणजे कुठवर? पूर ओसरल्यावर उसाच्या फडापलीकडच्या खोलगट जागांत पाणी पुढे कितीतरी दिवस साचून राहते. त्या जागांना पात्र म्हणून सोडून देणे चुकीचे आहे. फाउंड्रीतून, म्हणजे धातूच्या ओतकामाच्या कारखान्यातून, निघालेली काळी वाळू टाकून भर घातली जाते ती अशाच जागांत.

त्यात पूररेषेची सरमिसळ होते. निळी रेषा २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, लाल रेषा १०० वर्षांतल्या पुराची. या दोन रेषांमध्ये जोते उंच घेऊन बांधकाम करता येते. पाणथळ जागेत मात्र भरच घालता येत नाही. तिथे नवा कारखाना नाही, जुन्याचा विस्तार नाही आणि गेल्या दहा वर्षांतल्या सरासरी उच्च पूरपातळीपासून ५० मीटरांत कायमचे बांधकामही नाही. २०१९ आणि २०२१ च्या पुरात शिरोलीजवळ महामार्ग बंद पडला, तेव्हापासून चर्चा पूररेषेवरच अडली आणि पाणथळ जागांची नोंद मागे पडली.

त्यामुळे जांभळ्याचा पिवळा झाला की पाणथळ वाचली, हा युक्तिवाद टिकत नाही. बंदी इमारतींनाही आहे. कारखान्याची शेड जाऊन तिथे अपार्टमेंट आले तरी भराव तोच. खरा बदल करायचा तर ती जागा हरित किंवा ना-विकास पट्ट्यात जायला हवी, पण तसा प्रस्ताव जमीनमालकाकडून येणार नाही.

नगररचना कायद्याच्या कलम ३७ खाली फेरबदलाची नोटीस निघते, हरकतींना एक महिना मिळतो. तेवढ्यात गट नंबर शोधून तिथे पाणी साचते हे दाखवायचे, तर फोटो पावसाळ्यातले लागतात. नोटीस उन्हाळ्यात निघाली तर तीच जमीन कोरडी दिसते.