'टॉन्सिल झालेत' : मुलांच्या घशावरच्या शस्त्रक्रियेची पार्श्वभूमी

दवाखान्यात आई मुलाला पुढे करते आणि सांगते, "डॉक्टर, याला टॉन्सिल झालेत." हे वाक्य मराठीत इतकं रुळलं आहे की त्यातली गफलत कुणाच्या कानाला खटकत नाही. टॉन्सिल 'होत' नाहीत. ते प्रत्येक मुलाच्या घशात असतातच, शाळेच्या पहिल्या काही वर्षांत चांगले ठळक दिसतात आणि पुढे हळूहळू आक्रसतात. आजार होतो तो त्यांना सूज आली म्हणजे. पण बोलता बोलता अवयवाचं नाव आजाराला चिकटलं. एकदा अवयवच आजार ठरला की तो काढून टाकणं हाच इलाज वाटू लागतो, आणि मे महिन्याच्या सुट्टीत 'एकदाचं उरकून घेऊ' असं घरात ठरतं.

या एका शब्दाखाली आपण निदान चार गोष्टी कोंबतो. एक, ताप आणि गिळताना दुखणं घेऊन अचानक आलेली घशाची लागण. दोन, तीच लागण वर्षातून अनेकदा उलटणं. तीन, काहीही न दुखता नुसतेच मोठे असलेले टॉन्सिल, ज्यांच्यामुळे मूल रात्री घोरतं. आणि चार, जबड्याखाली हाताला लागणाऱ्या गाठी, ज्या टॉन्सिल नसतातच. घरातली जुनी माणसं यात पाचवी भर घालतात, 'पडजीभ वाढली' म्हणतात. पडजीभ हा तर पूर्णपणे वेगळा अवयव. पारिभाषिक मराठीने 'गिलायू' हा शब्द दिला, पण तो पुस्तकातच राहिला. तो आला सुश्रुतसंहितेतून. तिथे तालूच्या रोगांत तुंडिकेरी आणि कंठाच्या रोगांत गिलायू अशा दोन वेगळ्या नोंदी आहेत, आणि त्यांतली आजचा टॉन्सिलचा आजार म्हणजे नेमकी कोणती, यावर वैद्यमंडळींत एकवाक्यता नाही. शब्दांचा हा गुंता फक्त मराठीचा नाही. इंग्रजीतल्या संशोधनातही कित्येक दशकं घसादुखी, टॉन्सिलची सूज आणि टॉन्सिलचा आकार एकाच खात्यात मोजले गेले. जुने निष्कर्ष आज वाचताना सगळ्यात मोठी अडचण हीच येते.

या शस्त्रक्रियेचा मागचा इतिहास थोडक्यात असा. इसवी सनाच्या पहिल्या शतकात एका रोमन ग्रंथकाराने टॉन्सिल बोटाने सोडवून काढण्याची रीत लिहून ठेवली. १८२८ च्या सुमारास फिलाडेल्फियात टॉन्सिलचा पुढे आलेला भाग एका झटक्यात छाटणारं पातं तयार झालं. १८६८ मध्ये कोपनहेगनच्या एका डॉक्टरांनी नाकाच्या मागे वाढणाऱ्या टॉन्सिलसारख्या गाठीचं, म्हणजे अ‍ॅडेनॉइडचं वर्णन केलं आणि मुलांचं ऐकू कमी येणं, तोंड उघडं ठेवून श्वास घेणं यांचा संबंध त्याच्याशी लावला. ही तिसरी गोष्ट खरोखर महत्त्वाची होती. पण तिच्या पाठोपाठ उत्साहाची जी लाट आली तिने विसाव्या शतकाची पहिली चार दशकं व्यापली.

त्या काळी अमेरिकेत एक सिद्धांत जोरात होता. शरीरात कुठेतरी दडून बसलेला जंतुसंसर्गाचा अड्डा दूरच्या सांध्यांना, मूत्रपिंडांना, हृदयाला आजारी पाडतो, असं तो सांगे. दात आणि टॉन्सिल हे पहिले संशयित. मग घसा दुखत नसला तरी 'अड्डा' म्हणून टॉन्सिल काढले जाऊ लागले. शाळांच्या तपासणीत मुलं रांगेने निवडली जात. १९०६ साली न्यूयॉर्कच्या स्थलांतरितांच्या वस्तीत, डॉक्टर शाळेत मुलांचे गळे कापताहेत, अशी अफवा पसरली आणि शेकडो आया शाळांवर धावून गेल्या. अफवेचं मूळ अ‍ॅडेनॉइडच्या शस्त्रक्रियांत होतं. त्या बायकांना अडाणी ठरवून हा प्रसंग सांगितला जातो. मला तसं वाटत नाही. आपल्या मुलावर काय होतंय हे आपल्या भाषेत कुणी नीट समजावून सांगितलेलं नाही, ही त्यांची तक्रार अगदी रास्त होती.

पुढे १९३४ मध्ये त्याच शहरात झालेली पाहणी या विषयातल्या प्रत्येकाने पाठ करावी अशी आहे. अकरा वर्षांच्या १,००० शाळकरी मुलांपैकी ६११ जणांचे टॉन्सिल आधीच काढलेले होते. उरलेली ३८९ मुलं डॉक्टरांच्या एका गटाला दाखवली. त्यांनी १७४ जणांना शस्त्रक्रिया सुचवली. नको म्हटलेली २१५ मुलं दुसऱ्या गटाकडे गेली, त्यांनी त्यातल्या ९९ जणांना सुचवली. पुन्हा उरलेली ११६ तिसऱ्या गटाकडे गेली, तिथे ५१ निघाली. प्रत्येक वेळी समोर आलेल्यांपैकी जवळपास ४५ टक्के. मुलं बदलली, आधी 'निरोगी' ठरलेली पुन्हा समोर आली, तरी प्रमाण हललं नाही. हजारातून शेवटी ६५ मुलं अशी उरली की ज्यांना कुणीच शस्त्रक्रिया सांगितली नव्हती. डॉक्टर घसा पाहत होते, पण आकडा त्यांच्या सवयीतून येत होता.

चार वर्षांनी, १९३८ मध्ये, इंग्लंडमधून तसाच धडा आला. एका वैद्यकीय अधिकाऱ्यांनी देशभरच्या शाळकरी मुलांचे आकडे मांडले. शेजारशेजारच्या भागांत शस्त्रक्रियेच्या प्रमाणात कित्येक पटींचा फरक होता आणि सुखवस्तू घरांतल्या मुलांचे टॉन्सिल जास्त काढले जात होते. लंडनजवळच्या हॉर्न्सी इथे शाळांचे वैद्यकीय अधिकारी बदलले आणि १९२८ मधल्या १८६ शस्त्रक्रिया १९२९ मध्ये १२ वर आल्या. त्यामुळे मुलांचे कान-घसे बिघडल्याचं काही दिसलं नाही.

या दोन पाहण्यांनी मत लगेच बदललं असं नाही. धाक बसला तो पोलिओचा. १९४१ च्या उन्हाळ्यात ओहायोतल्या अ‍ॅक्रन शहरात एका घरातल्या सहापैकी पाच भावंडांचे टॉन्सिल काढले गेले. पाचही जणांना श्वास आणि गिळणं थांबवणारा पोलिओ झाला, तिघं दगावली. त्यानंतर पोलिओच्या हंगामात ही शस्त्रक्रिया टाळावी हे मान्य झालं. शिवाय प्रतिजैविकं आली, तशी 'अड्ड्या'ची भीतीही ओसरली. तरी १९५९ साली अमेरिकेत सुमारे १४ लाख शस्त्रक्रिया झाल्या. १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला व्हरमाँट राज्यात पुन्हा तेच आढळलं : एका भागात १५ वर्षांच्या आत ७० टक्के मुलांचे टॉन्सिल गेलेले, आणि शेजारच्याच भागात फक्त २० टक्के.

इथून खरा वाद सुरू होतो, आणि तो आजही संपलेला नाही. १९७१ मध्ये पिट्सबर्गच्या बालरुग्णालयातल्या एका बालरोगतज्ज्ञांच्या गटाने ठरवलं की चिठ्ठ्या टाकून मुलांचे दोन गट करायचे, एकाची शस्त्रक्रिया करायची, दुसऱ्याची नाही, आणि दोन्ही गटांवर वर्षानुवर्षं लक्ष ठेवायचं. पण मुलं निवडायची कशी? ज्यांना खरंच त्रास आहे अशीच हवीत, नाहीतर निष्कर्षाला अर्थ नाही. म्हणून त्यांनी प्रवेशाचा उंबरठा मुद्दाम उंच ठेवला : मागच्या एका वर्षात घशाच्या लागणीचे सात झटके, किंवा सलग दोन वर्षं दरवर्षी पाच, किंवा सलग तीन वर्षं दरवर्षी तीन. झटका कशाला म्हणायचं हेही बांधून दिलं. ३८.३ अंश सेल्सिअसच्या वर ताप, मानेतल्या सुजलेल्या किंवा दुखऱ्या गाठी, टॉन्सिलवर पांढरट पू, किंवा घशाच्या तपासणीत स्ट्रेप्टोकोकस जंतू, यांपैकी निदान एक हवं. आणि ते त्या वेळी डॉक्टरांनी कागदावर नोंदवलेलं हवं.

ही शेवटची अट माझ्या दृष्टीने सगळ्यात मोलाची. १९७८ मध्ये याच गटाने ६५ मुलांची हकिगत छापली. आईबापांच्या सांगण्यावरून ती सगळी या निकषात बसत होती, पण नोंद अपुरी होती. पुढे त्यांच्यावर नियमित लक्ष ठेवलं तेव्हा सांगितल्याप्रमाणे त्रास फक्त ११ मुलांना झाला, म्हणजे १७ टक्क्यांना. पालक खोटं बोलत नव्हते. रात्रभर तापाने फणफणलेल्या मुलाजवळ बसलेल्या माणसाला तीन झटके सातासारखेच आठवतात. शिवाय काही मुलांचं आजारपण त्याच सुमारास ओसरायला लागलेलं असतं.

मुख्य निष्कर्ष १९८४ मध्ये आला, १८७ मुलांवरचा. त्यातली ९१ चिठ्ठ्यांनी वाटलेली, बाकीची पालकांच्या पसंतीने. शस्त्रक्रिया झालेल्यांना पहिली दोन वर्षं घशाचा त्रास स्पष्टपणे कमी झाला. तिसऱ्या वर्षी फरक धूसर झाला. पण शस्त्रक्रिया न झालेल्या मुलांतही बऱ्याच जणांना वर्षाला तीनाहून कमी झटके आले आणि त्यातले बहुतेक सौम्य होते. म्हणजे शस्त्रक्रियेचा उपयोग होता, आणि न करताही बरंच काही आपोआप निवळत होतं. त्याच अहवालात दोन्ही वाक्यं शेजारी उभी आहेत. शस्त्रक्रियेच्या बाजूचे पहिलं उचलतात, विरोधातले दुसरं.

यातून 'सात-पाच-तीन' जगभर नियम झाला. हा आकडा कुठल्या मोजमापातून निघालेला नव्हता, हे मात्र विसरलं गेलं. सहा झटक्यांच्या मुलाला उपयोग होत नाही आणि सातच्या मुलाला होतो, असं कुणी सिद्ध केलेलं नाही. ते एका प्रयोगाचं प्रवेशद्वार होतं आणि काळाच्या ओघात तेच उपचाराचं प्रवेशद्वार बनलं. त्याच गटाने २००२ मध्ये कमी त्रास असलेल्या ३२८ मुलांचा अभ्यास छापला आणि सांगितलं की एवढ्या माफक फायद्यासाठी शस्त्रक्रियेचा धोका, वेदना आणि खर्च पत्करू नये. २००४ मध्ये नेदरलँड्समधल्या ३०० मुलांच्या अभ्यासातही सौम्य त्रासाच्या मुलांना तापाचे झटके वर्षाला सरासरी २.९७ विरुद्ध ३.१८, इतकाच फरक दिसला. म्हणून सातचा उंबरठा जरा मनमानी असला तरी तो खाली आणायला आधार मिळालेला नाही.

आपल्याकडे अडतं ते नेमकं इथे. मूल आधी कोपऱ्यावरच्या डॉक्टरांकडे जातं, गुण नाही आला तर दुसऱ्या, गावी गेलं तर तिसऱ्या. प्रत्येकाची वेगळी चिठ्ठी, तीही पुढच्या वेळेपर्यंत हरवते. घशाचा स्वॅब क्वचितच घेतला जातो. प्रतिजैविकाचा डोस ताप उतरला की थांबतो. अशा स्थितीत सात झटके मोजणार कोण आणि कसे? मग निर्णय पुन्हा १९३४ सारखा, तोंड उघडून घसा बघून होतो. आणखी एक धागा आपल्याकडे जास्त घट्ट आहे. स्ट्रेप्टोकोकसच्या लागणीनंतर काही मुलांना संधिवाताचा ताप येतो आणि हृदयाच्या झडपा निकामी होतात. या भीतीपोटीही टॉन्सिल काढा म्हणून सांगितलं गेलं. पण त्या तापाला अटकाव करतं ते पेनिसिलिन, हे १९५० च्या सुमारास अमेरिकेतल्या एका लष्करी तळावर दिसलं होतं. एकदा तो ताप येऊन गेलेल्या मुलाला दर तीन आठवड्यांनी पेनिसिलिनचं इंजेक्शन चुकवू न देणं, हेच त्याचं हृदय राखतं. आणि टॉन्सिलवरचा पांढरा पापुद्रा घटसर्पाचाही असू शकतो, म्हणून लसीकरण अर्धवट राहिलेल्या मुलाचा दुखरा घसा घरी गुळण्यांवर सोडू नये.

हा सगळा वाद चालू असताना एकीकडे दुसरंच काही बदलत गेलं. १८८९ मध्येच एका इंग्रज डॉक्टरांनी लिहिलं होतं की नाक बंद राहणारी, रात्री नीट न झोपणारी मुलं शाळेत मठ्ठ समजली जातात. ते बाजूला पडलं. १९७६ मध्ये कॅलिफोर्नियातून झोपेत श्वास अडकणाऱ्या आठ मुलांचं वर्णन आलं आणि घोरण्याकडे आजार म्हणून पाहिलं जाऊ लागलं. आज अमेरिकेत मुलांचे टॉन्सिल काढण्याचं मोठं कारण लागण नसून हा अडथळा आहे. २०१३ मध्ये ५ ते ९ वर्षांच्या ४६४ मुलांचा अभ्यास आला. लगेच शस्त्रक्रिया झालेल्यांपैकी ७९ टक्के मुलांची झोपेची तपासणी सात महिन्यांनी सामान्य आली, शस्त्रक्रिया न करता वाट पाहिलेल्यांपैकी ४६ टक्के मुलांची. वागणूक, घोरणं, दिवसाची झोप यांत शस्त्रक्रियेचा गट पुढे होता, पण लक्ष एकाग्र होण्याच्या ज्या चाचणीवर मुख्य भिस्त होती तिच्यात ठोस फरक दिसला नाही. इथेही न करता सुधारलेल्या जवळपास निम्म्या मुलांकडे दुर्लक्ष करू नये, तसंच झोपेत गुदमरणाऱ्या मुलाला 'मोठा झाला की जाईल' म्हणून ताटकळतही ठेवू नये.

धोक्याची बाजू उशिरा मोजली गेली. २००१ मध्ये ब्रिटनने मेंदूच्या एका दुर्मीळ आजाराच्या धास्तीने टॉन्सिलसाठी एकदाच वापरायची हत्यारं सक्तीची केली. रक्तस्राव वाढला आणि त्याच वर्षाअखेर ती सक्ती मागे घ्यावी लागली. नंतरच्या देशव्यापी पडताळणीत विजेच्या उष्णतेने टॉन्सिल काढण्याच्या पद्धतींत नंतरचा रक्तस्राव जास्त असल्याचं दिसलं. २०१३ मध्ये अमेरिकेत शस्त्रक्रियेनंतर मुलांना वेदनाशामक म्हणून कोडीन देण्याविरुद्ध कडक इशारा निघाला, कारण काही मुलांच्या शरीरात त्याचं मॉर्फिनमध्ये फार झपाट्याने रूपांतर होतं आणि त्यांचा श्वास थांबतो. २०१८ मध्ये डेन्मार्कमधल्या सुमारे १२ लाख मुलांच्या नोंदींत, लहानपणी टॉन्सिल काढलेल्यांना पुढे श्वसनाचे आजार जास्त झाल्याचं आढळलं. ती मुलं मुळातच जास्त आजारी असण्याची शक्यता त्या अभ्यासाला पुरती दूर करता आलेली नाही.

२०१९ च्या अमेरिकी मार्गदर्शिकेत सात-पाच-तीन कायम आहे. त्याहून कमी झटके असतील तर बारा महिने वाट पाहून नोंद ठेवा, असं ती सांगते, आणि काही अपवादांचा स्वतंत्र विचार करायला लावते : अनेक प्रतिजैविकं न सोसणारी मुलं, ठरावीक दिवसांनी येणाऱ्या तापाची मुलं, टॉन्सिलशेजारी एकाहून अधिक वेळा पू झालेली मुलं. नोंदीत काय हवं तेही ठरलेलं आहे. तारीख, ताप किती, मानेत गाठी, टॉन्सिलवर पू, स्वॅबचा निकाल, दिलेलं औषध. शाळेच्या जुन्या वहीच्या एका पानात हे सगळं मावतं.