कडा लिंपणारा धबधबा

वाळवंटात धबधबा आहे म्हणजे खाली जमिनीत समुद्र दडलेला असणार, असं ठासून सांगणारे लोक भेटतात. इस्राएलमधल्या एन गेदी या वाळवंटी हिरवळीच्या जागी असा धबधबा आहे. समुद्रही आहे, पण समोर, उघड्यावर, आणि तोही मृत समुद्र. नेहमीच्या समुद्राच्या जवळजवळ दहापट खारा. त्याच्या काठच्या कड्यांतून गोड्या पाण्याचे चार झरे बारमाही वाहतात.

पाऊस इथे वर्षाला 100 मिलिमीटरही नाही. तो पडतो पश्चिमेला, जेरुसलेम-हेब्रोनच्या डोंगरांवर, हिवाळ्यात. पूर्वेचा उतार पर्जन्यछायेत कोरडा राहतो. पण डोंगरावर मुरलेलं पाणी चुनखडी आणि तिच्यासारख्याच डोलोमाइट खडकाच्या भेगांतून खाली सरकतं, पाणी न झिरपणाऱ्या थरावर अडतं आणि कड्यातून बाहेर येतं. उतार तर विलक्षण: 25-30 किलोमीटरमध्ये हजार मीटरहून जास्त, कारण मृत समुद्राचा काठच समुद्रसपाटीखाली 430 मीटरहून जास्त खोल आहे. बेचक्याची काठी फिरवून पाणी शोधणाऱ्यांनी हे थर एकदा बघावेत.

मला वेड लावलं ते धबधब्यामागच्या भिंतीने. धबधबा खडक झिजवतो, हे आपण शाळेत शिकलो. इथे तो खडक चढवतो.

चुन्याच्या निवळीत फुंकर मारायचा प्रयोग आठवा. निवळी दुधाळ होते, तिथे बाई थांबायच्या. आणखी फुंकत राहिलं तर ती पुन्हा नितळ होते! जास्तीच्या कार्बन डायऑक्साइडमुळे न विरघळणाऱ्या कॅल्शियम कार्बोनेटचं विरघळणारं बायकार्बोनेट होतं. डोंगरावरच्या मातीत मुळं आणि जीवाणू श्वसन करतात, त्यामुळे तिथल्या हवेत हा वायू वातावरणापेक्षा कितीतरी जास्त असतो. तो घेऊन पाणी चुनखडी विरघळवत निघतं. मोकळ्या हवेत आलं की वायूचा दाब एकदम कमी, आणि तोल उलटा फिरतो: वायू निसटतो, पाण्यात मावेल त्याहून जास्त चुना उरतो (पाणी अतिसंपृक्त होतं), कॅल्साइटचे, म्हणजे कॅल्शियम कार्बोनेटचेच, स्फटिक सुटू लागतात. संथ पाण्यात हे रेंगाळतं. पण धार फुटली, तुषार उडाले, की हवेशी भिडणारा पृष्ठभाग प्रचंड वाढतो आणि वायू झपाट्याने पळतो. म्हणून थर चढतो तो नेमका पाणी आपटतं तिथे.

ओल्या कड्यावर हंसराज हा नेचा आणि शेवाळ वाढतं. त्यांच्यावरही हा लेप बसतो. आतली पानं, देठ कुजून जातात, मागे सच्छिद्र दगड उरतो. त्याला ट्युफा म्हणतात. त्या दगडावर पुन्हा शेवाळ, पुन्हा लेप. भिंत अशी हळूहळू पुढे सरकते.

अशा पाण्याला कुणी ‘खनिजयुक्त, रोगहारक’ म्हणालं, तर पाणी उकळायच्या भांड्याच्या तळाशी बसणारा पांढरा थर दाखवावा. खनिज तेच आहे.

एखाद्या वर्षी धार दोन हात बाजूला सरकली, की ट्युफाचा जुना पडदा कोरडा पडतो. त्यातल्या पोकळ नळ्यांत बोट घालून पाहता येतं. कधीकाळी तिथे हंसराजाचे देठ होते.